बॉसकडून एमबीएचं शिफारसपत्र: कुणाकडे, कधी आणि कसं मागायचं

"मॅडम, छोटंसं काम होतं. उद्या रात्रीपर्यंत एक फॉर्म भराल का?"

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, रविवारी रात्री पावणेअकराला हा मेसेज आला. छोटंसं काम म्हणजे अमेरिकेतल्या तीन बिझनेस स्कूलची तीन शिफारसपत्रं. मुलगा गुणी होता, दोन वर्षं माझ्या हाताखाली होता, म्हणून बसून भरलं. पण त्यात काय लिहिलं ते आज मला एक ओळ आठवत नाही. वाचणाऱ्यालाही आठवलं नसणार.

मी ऐरोलीत टीम सांभाळते. वर्षाला दोन-तीन जण तरी ही विनंती घेऊन येतात आणि बहुतेकांची गाडी त्याच त्याच ठिकाणी घसरते. जीमॅटवर (एमबीएच्या प्रवेश परीक्षेवर) सहा महिने घालवतात, निबंधांचे दहा खर्डे करतात आणि रेको, म्हणजे शिफारसपत्र, शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. म्हणून हे क्रमाने लिहिते आहे. क्रम बदलू नका. अर्ध्या चुका क्रमाच्याच असतात.

१. पत्र लागतं का, आणि कुणाचं?

कॅट देऊन आयआयएमच्या दोन वर्षांच्या पीजीपीला जाणार असाल तर शिफारसपत्राच्या भानगडीत पडायचं कारण नाही. परदेशी स्कूल, आयएसबी (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) आणि कामाचा अनुभव मागणारे बरेच एक वर्षाचे अभ्यासक्रम यांची गोष्ट वेगळी. कुणाला एक पत्र पुरतं, कुणाला दोन लागतात. हार्वर्ड आणि स्टॅनफर्ड दोन मागतात. स्टॅनफर्डला त्यातलं एक शक्यतो सध्याच्या थेट वरिष्ठाचं हवं असतं. प्रत्येक स्कूलचं पान स्वतः वाचा. मित्राने दोन वर्षांपूर्वी काय भरलं होतं ते विचारत बसू नका, नियम बदलतात.

आता माणूस. आपल्या आयटी कंपन्यांत कागदावरचा मॅनेजर बंगळुरूला, रोजचं काम देणारा प्रोजेक्ट मॅनेजर ऐरोलीत आणि खरी कौतुकं करणारा क्लायंट लंडनला, असा संसार असतो. निवडताना मी एकच कसोटी लावते: गेल्या सहा महिन्यांत तुम्हाला कामावरून कोण बोललं? ज्याने तुमची चूक पकडली, तुमच्याकडून पुन्हा करून घेतली आणि नंतर सुधारलेलं पाहिलं, तो तुमचा माणूस. सिस्टीममध्ये त्याच्या नावापुढे 'रिपोर्टिंग मॅनेजर' लिहिलेलं नसलं तरी चालतं. फॉर्ममध्ये नातं समजावून सांगायला जागा असते.

ही माणसं टाळा: तुमचं नाव विचारून लिहावं लागेल असे व्हाइस प्रेसिडेंट, कॉलेजचे प्राध्यापक, काका-मामा, बाबांच्या ओळखीचे नगरसेवक. शेवटचं गमतीत लिहीत नाही. असं लेटरहेड घेऊन आलेला मुलगा मी पाहिला आहे.

तपासा: त्या व्यक्तीला तुमच्या कामातले दोन प्रसंग न सांगता आठवतील का? उत्तर 'नाही' असेल तर दुसरं नाव शोधा, मग ते कितीही मोठं असो.

२. तारखा उलट्या मोजा

अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या स्कूलचा राउंड वन (अर्ज घेण्याचा पहिला टप्पा) सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्याच्या आसपास बंद होतो, राउंड टू जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. शिफारसपत्राची मुदत सहसा अर्जाचीच असते. वेळ मात्र त्यांच्या घड्याळाने. त्यांच्या पूर्व किनाऱ्यावरचे दुपारचे १२ म्हणजे सप्टेंबरात आपल्याकडचे रात्रीचे ९.३०, आणि जानेवारीत १०.३०, कारण मध्ये ते घड्याळ एक तास मागे घेतात.

आता कॅलेंडरवर आपलं जगणं मांडून बघा. राउंड वनच्या तोंडावर गणपती येतात. बॉस कोकणातले असतील तर आठ-दहा दिवस गावाला, आणि गावाला रेंज नाही. राउंड टूच्या आधी नाताळ, क्लायंटची वर्षअखेर आणि शिल्लक रजा संपवायची धावपळ. म्हणून आठ आठवडे आधी विचारायचं. राउंड वनसाठी जूनअखेर ते जुलैचा पहिला आठवडा, राउंड टूसाठी दसऱ्याच्या आसपास, दिवाळीच्या आत. दिवाळीनंतर विचारलंत तर समोरचा हो म्हणेल, पण वेळ उरलेला नसेल.

३. नोकरीचा धोका आधी मोजा

ही पायरी लोक गाळतात. मीही गाळली होती.

मी अर्ज करायचं ठरवलं तेव्हा महापेला एका कंपनीत होते. उत्साहाच्या भरात फेब्रुवारीतच बॉसना सांगून मोकळी झाले. मार्चमध्ये रेटिंगची बैठक. माझं रेटिंग एक पायरी खाली आलं आणि ऑनसाइटची जागा दुसऱ्याला गेली. त्यांनी आकसाने केलं असं मी आजही म्हणत नाही. 'ही जाणारच आहे' हे एकदा डोक्यात बसलं की मर्यादित बोनस राहणाऱ्यांकडे वळतो, एवढंच. आज मी त्या खुर्चीत बसते तेव्हा मलाही तो मोह होतो, हे कबूल करते.

म्हणून ज्यांच्याकडे अप्रेझल मार्चअखेर असतं त्यांनी इन्क्रिमेंटचं पत्र हातात पडेपर्यंत तोंड उघडू नये. जूनअखेर विचारा म्हणते त्यामागे हेही कारण आहे.

दुसरं, कंपनीचं धोरण. काही ठिकाणी एचआर फक्त अनुभवाचा दाखला देतं आणि मॅनेजरला कंपनीच्या नावाने शिफारस करू देत नाही. धोरण इंट्रानेटवर गुपचूप वाचून घ्या. एचआरला मेल टाकून विचारलंत तर बॉसना बातमी तुमच्याआधी एचआरकडून कळेल.

तिसरं, बाँड आणि नोटीस पिरियड. ९० दिवसांची नोटीस असेल तर तारखा मांडून ठेवा, कारण बॉसचा पहिला प्रश्न 'मग जाणार कधी?' हाच असतो. उत्तर तयार असलं की निम्मी भीती जाते: राउंड वनचा निकाल साधारण डिसेंबरात, अभ्यासक्रम पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे प्रवेश मिळालाच तर त्यांच्या हातात सहा-सात महिने.

सावधान: प्रोबेशनवर असाल, नवीन बॉसला येऊन सहा महिने झाले नसतील, किंवा टीममध्ये माणसं कमी करण्याची कुजबुज असेल, तर सध्याच्या बॉसला विचारू नका. आधीचा मॅनेजर किंवा क्लायंट घ्या आणि अर्जातल्या जादा माहितीच्या चौकटीत दोन-तीन वाक्यांत कारण लिहा. सध्याच्या बॉसला सांगणं नोकरीला धोक्याचं आहे, हे कारण स्कूलना नवीन नाही. रडगाणं मात्र लावू नका.

४. प्रत्यक्ष विचारणं

जागा: दार लागणारी मीटिंग रूम. गेटबाहेरची टपरी नको. तिथे तुमच्या मागे उभा राहून कटिंग घेणारा माणूस नेमका शेजारच्या टीमचा असतो. घणसोलीपर्यंत एकत्र जायची कार नको, लिफ्ट नको, आणि व्हॉट्सॲप तर मुळीच नको. बॉस दुसऱ्या शहरात असतील तर व्हिडिओ कॉल, कॅमेरा सुरू ठेवून.

आदल्या आठवड्यात वेळ मागा: "सर, पुढच्या आठवड्यात अर्धा तास मिळेल का? प्रोजेक्टचं काही नाही, माझ्या पुढच्या शिक्षणाबद्दल बोलायचं आहे." विषय आधीच सांगा. नुसतं 'बोलायचं आहे' म्हटलं की मॅनेजरला राजीनामाच दिसतो.

बैठकीत पहिल्या दोन मिनिटांत मुद्द्यावर या. एमबीए का, कुठे, कधी. मग हे, जवळजवळ याच शब्दांत:

"सर, माझं काम तुम्ही जवळून पाहिलंय, म्हणून पहिलं नाव तुमचंच आलं. माझ्याबद्दल ठामपणे चांगलं लिहिता येईल असं तुम्हाला वाटतं का? प्रत्येक स्कूलचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, पहिल्याला दोन-तीन तास जातील. जमणार नसेल तर मोकळेपणाने सांगा, मी दुसरी सोय करेन."

शेवटचं वाक्य गाळू नका. बॉसना नाही म्हणायला वाट दिली नाहीत तर ते हो म्हणतील आणि कोमट पत्र लिहितील. कोमट पत्रापेक्षा नकार परवडतो.

आता उत्तर ऐका. 'नक्की, कधीपर्यंत हवंय?' हा हो. 'बघू या' हा नाही. 'करू की, त्यात काय' हा अर्धा हो. त्यांना कामाचा अंदाज आलेला नाही, फॉर्म उघडून दाखवा. 'इतकी घाई कशाला, अजून एक वर्ष थांब' यात नाराजी असते किंवा खरा सल्लाही असतो. भांडू नका, दोन दिवसांनी पुन्हा बसा. आणि 'तू लिहून आण, मी टाकतो' याच्यासाठी वेगळी पायरी लागते.

५. 'तूच लिहून आण' म्हणाले तर

आपल्याकडे दहातले सात-आठ बॉस हे म्हणतात. त्यात वाईट हेतू नसतो. लिव्ह लेटरपासून प्रोजेक्टच्या प्रमाणपत्रापर्यंत सगळं असंच चालत आलंय: मजकूर कनिष्ठाचा, सही वरिष्ठाची. इथे ते चालत नाही.

स्कूल स्पष्ट सांगतात की पत्र शिफारस करणाऱ्यानेच लिहायचं, अर्जदाराने मसुदाही द्यायचा नाही. फॉर्म भरताना बॉसकडून तसं मान्य करून घेतात. प्रवेशानंतर पडताळणी होते, शिफारस करणाऱ्याला फोन किंवा मेल जाऊ शकतो. 'तुम्ही त्या प्रसंगाबद्दल लिहिलंय, जरा सांगता का?' या प्रश्नावर सर गडबडले तर दिलेला प्रवेशही काढून घेतात.

नियम बाजूला ठेवले तरी तोटा तुमचाच. स्वतःबद्दल लिहिताना माणूस एक तर लाजतो, नाही तर सुटतो. दोन्ही पत्रं तुम्हीच लिहिलीत तर दोन्हीत तेच लाडके शब्द, तशीच लांब वाक्यं येतात आणि ती तुमच्या निबंधाशी जुळतात. रोज अशी पत्रं वाचणाऱ्याला ते पहिल्या परिच्छेदात कळतं.

मग म्हणायचं काय? "सर, स्कूलचा नियम आहे, मी मजकूर लिहिला तर माझाच अर्ज बाद होईल. पण तुमचा वेळ वाचवायला मी सगळे प्रसंग तारखांसकट काढून देतो." नियमावर बोट ठेवा, त्यांच्या आळसावर नको.

तरीही लिहायचा कंटाळा असणाऱ्यांसाठी एक युक्ती. माझे एक सहकारी ठाण्याहून ऐरोलीला गाडीने येतात. पुलावर अडकले की फोनला आपलं म्हणणं सांगत बसतात आणि संध्याकाळी त्याचं लिखाण करतात. बोलताना माणसाला प्रसंग सुचतात, टाइप करताना 'सिन्सिअर अँड हार्डवर्किंग' सुचतं. बॉसचं इंग्रजी साधं असेल तर राहू द्या. स्कूल व्याकरणाला गुण देत नाहीत, आणि यंत्राकडून गुळगुळीत करून घेतलेलं पत्र आपला आवाज हरवून बसतं.

सावधान: दोनदा समजावूनही बॉस 'लिहून आण'वर अडून बसले तर आभार माना आणि दुसरं नाव घ्या. आठ आठवडे आधी विचारल्याचा उपयोग इथे होतो.

६. एका पानाचं टिपण

हो मिळाल्यावर दोन दिवसांत टिपण द्या. आधी फॉर्म काय विचारतो ते समजून घ्या. बऱ्याच स्कूल जीमॅट घेणाऱ्या संस्थेचा सामायिक फॉर्म वापरतात. त्यात पहिला प्रश्न ओळखीचा, सुमारे ५० शब्द. दुसरा: अशाच पदावरच्या इतर चांगल्या माणसांच्या तुलनेत हा कसा, ५०० शब्दांपर्यंत. तिसरा: तुम्ही याला दिलेला सर्वांत महत्त्वाचा सुधारणेचा सल्ला कोणता, कुठल्या प्रसंगी आणि याने काय केलं, पुन्हा ५०० शब्दांपर्यंत. शेवटी ऐच्छिक जागा. शिवाय गुणांचा तक्ता असतो. प्रत्येक गुणापुढे चढत्या क्रमाने वर्णनं, त्यातलं एक निवडायचं. सगळीकडे सर्वांत वरची खूण केली की तो तक्ता कुणी खरा मानत नाही, हे बॉसना हलकेच सांगा.

टिपणात चार-पाच प्रसंग, तुमचं 'एमबीए का' दोन ओळींत, आणि स्कूलची नावं मुदतीच्या तारखांसह आपल्या वेळेत. बस्स. बायोडेटा वेगळा जोडा.

प्रसंग लिहायचा कसा? एका मुलीने मला पहिल्यांदा हे दिलं: 'क्लेम्स प्रोजेक्टमध्ये नेतृत्वगुण दाखवले, क्लायंट खूश.' यावर मी काय लिहू? परत पाठवलं. दुसऱ्यांदा आलं ते असं:

'मार्च, महिनाअखेर, रात्री सव्वादोन. क्लेम्सची बॅच अडकली. तुम्ही फ्लाइटमध्ये होता. मी डेटाबेस टीमला उठवलं, ४० मिनिटांत कारण सापडलं, पण दुरुस्ती आधी टेस्टवर चालवायची म्हणून अडून बसले, क्लायंट चिडला. सकाळी ७ ला बॅच पूर्ण. त्यानंतर महिनाअखेरची तपासयादी केली, ती आता तिन्ही टीम वापरतात.'

हे वाचताच मला त्या सकाळचा क्लायंटचा फोन आठवला, त्याचा चढलेला आवाज आठवला आणि ही पोरगी त्याच्याशी किती शांतपणे बोलली तेही. ते तिच्या टिपणात नव्हतं. पत्रात मी तेच लिहिलं. टिपणाने बॉसची आठवण जागी करायची, इतकंच. विशेषणं त्यांच्यावर सोडा.

तिसऱ्या प्रश्नावर सगळ्यांचं घोडं अडतं. 'हा फार काम करतो, स्वतःकडे लक्ष देत नाही' असली गोडगोड उणीव बॉस लिहितात, कारण त्यांना वाटतं खरी लिहिली तर तुमचं नुकसान होईल. टिपणात तुम्हीच दोन खऱ्या कानउघाडण्या लिहून द्या. 'ऑगस्टच्या रिव्ह्यूनंतर तुम्ही म्हणाला होता की मी ज्युनिअरचं बोलणं तोडतो. तेव्हापासून स्टँडअपमध्ये मी शेवटी बोलतो.' उणीव, मग बदल. बदल बॉसनी पाहिलेला हवा. नसेल पाहिला तर दुसरी उणीव निवडा.

तपासा: टिपणात संपूर्ण, जसंच्या तसं चिकटवता येईल असं इंग्रजी वाक्य आहे का? असेल तर ते तुकड्यांत मोडा. नाहीतर सर तेच चिकटवतील आणि तुम्ही पुन्हा पाचव्या पायरीवर.

७. पोर्टल

इथे बुद्धी लागत नाही, डोळे लागतात.

नाव, हुद्दा आणि ऑफिसचा ईमेल बॉसना विचारून भरा. जीमेलचा पत्ता दिला की शंका येते. कंपनी सोडलेल्या माजी मॅनेजरचा असेल तर नव्या ऑफिसचा द्या. पत्र पाहण्याचा हक्क सोडता का, असा प्रश्न अमेरिकी अर्जात येईल. सोडा. गुप्त पत्रावर जास्त विश्वास बसतो.

नाव भरून पुढे ढकललं की बॉसना आपोआप मेल जातो. तो जायच्या आधी त्यांना सांगा, कारण कंपनीचं मेल फिल्टर परदेशी पोर्टलचे असे मेल हमखास अडवून ठेवतं आणि तुम्ही तीन आठवडे 'सरांनी उघडलंच नाही' म्हणून झुरत बसता. आधी एकाच स्कूलची लिंक पाठवा. ती पोचली, उघडली याची खात्री झाली की बाकीच्या. प्रत्येक स्कूलचा दुवा वेगळा असतो. प्रश्न तेच असले तरी प्रत्येक पोर्टलवर जाऊन भरावंच लागतं. म्हणून एका माणसाकडून चार-पाचच्या वर फॉर्म मागू नका. सातव्या फॉर्मला माणसाची शाई संपते.

८. आठवण करून देणं

बॉसना स्कूलची खरी तारीख सांगा आणि 'मला दहा दिवस आधी झालं तर बरं वाटेल' असंही सांगा. खोटी तारीख सांगू नका, मेलमध्ये खरी छापलेली असते.

पहिली आठवण चार आठवडे आधी, दुसरी दोन आठवडे, मग एक आठवडा. तीन ओळींचा मेल, त्यात काय बाकी आहे तेवढंच. रिलीजच्या दिवशी आणि सोमवारी सकाळी मेल टाकू नका. बॉस गावाला निघणार असतील तर जायच्या चार दिवस आधी डेस्कपाशी जाऊन विचारा, "सर, निघायच्या आधी एक तरी होईल का?" एक झालं की बाकीची होतात.

तपासा: पोर्टलवर प्रत्येक नावापुढे पत्र जमा झाल्याची खूण दिसते का? बॉसचं 'टाकलं रे' पुरेसं नाही. बरेच जण मसुदा साठवतात आणि शेवटचं बटण दाबायचं राहतं.

९. पत्र गेल्यानंतर

त्याच दिवशी आभाराचा मेल. भेटवस्तू नको, पत्र जायच्या आधी तर चहासुद्धा त्यांनाच पाजू द्या. पेढे निकालानंतर. निकाल हो असो वा नाही, कळेल त्याच दिवशी सांगा. बॉसना तो लिंक्डइनवर दिसला तर पुढच्या वर्षी पुन्हा पत्र मागायला जाताना पाय जड होतात, आणि पुन्हा जावं लागणं काही अपवादाचं नाही.

पडताळणीचा फोन प्रवेशानंतर काही महिन्यांनीही येतो, परदेशी किंवा अनोळखी नंबरवरून. आपल्याकडे असे नंबर कुणी उचलत नाही, कर्ज विकणाऱ्यांनी ती सवय मोडली आहे. बॉसना आधी कल्पना द्या. आणि दरम्यान त्यांनीच कंपनी बदलली असेल तर अर्जातला ऑफिसचा ईमेल बंद पडलेला असतो. नवा पत्ता त्यांच्याकडून घ्या आणि स्कूलला त्याच आठवड्यात कळवा.